पांढरा ठिपका

ती पेटी किती जड आहे ते माझ्या उजव्या पायाच्या करंगळीला विचारा. दोन वर्षं ती माझ्या शिवणाच्या खोलीत, कापायच्या टेबलाखाली ठाण मांडून बसली होती. लोखंडी, हिरवी, कोपऱ्यांचा रंग घासून गेलेली, आणि आत नवऱ्याची सगळी हत्यारं. कापड पसरायला पाऊल पुढे टाकलं की करंगळी तिच्यावर आपटायची आणि मी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. "ही पेटी इथून हलवा" हे मी दोन वर्षांत इतक्या वेळा म्हटलं की ह्यांनी ऐकणं सोडून दिलं होतं. त्या रविवारी ती खरोखरच हलणार होती, आणि आता ते मलाच नको होतं.

संध्याकाळी पाच वाजता बारक्या येऊन ती घेऊन जाणार होता. बारक्या म्हणजे आमच्या ह्यांच्या हाताखाली तयार झालेला मेकॅनिक. नाव पडलं तेव्हा काडीसारखा होता. आता दारातून आधी पोट आत येतं आणि मागून तो, पण नाव काही बदललं नाही. हे मोटारींच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. हे निवृत्त झाले आणि त्या जागी बारक्या आला.

निवृत्तीच्या आधी दोन-तीन महिने ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. नुसते बसले असले की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहतात, जणू नाणं घासून बघतायत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थरथर कमी झाली, गेली नाही. तेव्हापासून पेटी उघडली नव्हती. दिवसभर हे माझ्या खोलीत खुर्ची टाकून बसायचे आणि मी शिवते ते बघायचे. नवरा प्रेमाने बघत बसला तर कोणाला नको असतं? पण हे बघायचे ते मशीनकडे. "बेल्ट सैल झालाय," "तेल घाल," "आवाज बदलला." माझं मशीन, माझा बेल्ट. मी हात टेकले होते.

तर त्याच्या आदल्या आठवड्यात ह्यांनी आपणहून बारक्याला फोन केला आणि पेटी घेऊन जा म्हणाले. का, ते मला सांगितलं नाही. मग दोन दिवसांनी लेकीचा फोन आला. तिची बदली झाली होती, पुढचं निदान वर्षभर रोज लांबचा प्रवास, आणि आमची जुनी गाडी ती सोमवारी सकाळी येऊन घेऊन जाणार होती. ह्यांनी गाडीची वही काढली. आमच्या गाडीला वही आहे, आमच्या मुलीला लहानपणी नव्हती. वहीत बघितलं आणि म्हणाले, "टायमिंग बेल्ट बदलायला झालाय. बदलल्याशिवाय मी तिला गाडी देणार नाही."

"मग टाका बारक्याकडे."

"मी बदलणार. घरी. रविवारी." आणि मग थोडं थांबून, "नीट जमलं तर पेटी राहील. नाही जमलं तर बारक्या येतोच आहे."

आता मी पेटीला कितीही शिव्या दिल्या तरी मला एवढं कळत होतं की पेटी गेली की त्या खुर्चीत बसलेला माणूस नुसता बसलेला माणूस होईल. त्याची मला भीती वाटत होती. मी ती बोलून दाखवली नाही. "रविवारी माझी जुनी चादर घ्या खाली अंथरायला," एवढंच म्हटलं.

टायमिंग बेल्ट म्हणजे काय ते मला लग्नानंतर तीस वर्षांनी त्या सकाळी कळलं. इंजिनात वर एक दातेरी चाक असतं, खाली एक. दोन्ही एका लयीत फिरायला हवीत, म्हणून आतून दात असलेला एक रबरी पट्टा त्यांना बांधून ठेवतो. "एक दात जरी इकडचा तिकडे झाला तरी गाडी कुरकुर करते," हे म्हणाले. "आणि चालत्या गाडीत तुटला तर आतले भाग एकमेकांवर आपटतात. इंजिन खलास."

"म्हणजे शर्टाचं पहिलंच बटण चुकीच्या काजात घातल्यासारखं," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे जरा कौतुकाने बघितलं. "हो. फक्त शर्ट घाटात बंद पडत नाही."

घाट म्हटल्यावर मला आमची लेक दिसली, एकटी, रस्त्याच्या कडेला. मी लगेच चहा करायला आत गेले.

घरामागे पत्र्याची शेड आहे, गाडीपुरती. नऊ वाजता ह्यांनी पेटी ओढत तिथे नेली. माझी मदत घेतली नाही. चादरीवर पाने मापाने मांडले, लहान ते मोठा, आणि तेव्हा मला थोडं बरं वाटलं, कारण मांडताना त्यांचा चेहरा कामावर जाणाऱ्या माणसाचा होता. पेटीच्या खालच्या कप्प्यात एक चिमुकली बाटली होती, झाकणाला पांढरा रंग लागलेला. मी हलवून बघितली. आतला रंग वाळून दगड झाला होता.

"हे कशाला?"

"ते आता लागत नाही," हे म्हणाले आणि बाटली परत ठेवून दिली.

सुरुवात झकास झाली. बॅटरीची तार काढली, जॅक लावला, खाली लोखंडी घोडी सरकवली, चाक उतरवलं. मोठा पाना, दोन्ही हात, अंगाचा सगळा भार, आणि नट बिचारे मुकाट्याने सुटले. खालच्या चाकाचा मोठा बोल्ट सोडायला मला गाडीत बसवून ब्रेक दाबायला लावला. बाहेरून ह्यांनी पान्याला लांब नळी लावून ओढलं, मोठा आवाज झाला, मी किंचाळले, हे हसले. मग इंजिन हाताने हळूहळू फिरवून वरच्या आणि खालच्या चाकावरच्या खुणा इंजिनावरच्या खुणांशी जुळवल्या. खुणा म्हणजे धातूवर नखाएवढे ठसे, त्यातून काळे पडलेले. मी आत जाऊन माझा शिवणाचा खडू आणला आणि दोन्ही चाकांवरच्या खुणांवर पांढऱ्या रेघा ओढल्या.

"खुणा जुळवणं मला कोणी शिकवू नये," मी म्हटलं.

अकरा वाजले तेव्हा सगळं मजेत चाललं होतं. मग आले ते खालच्या कव्हरचे बोल्ट.

हे बोल्ट बारीक. जागा अरुंद, एकच हात जातो, तोही मनगटापर्यंत. हलक्या हाताने पाना बोल्टवर बसवायचा, बस्स, त्यात जोराचं काही काम नाही. आणि जिथे जोर नाही तिथे ह्यांचा हात ऐकत नव्हता. पाना बोल्टच्या डोक्यावर खडखडायचा, दारावर कोणी टकटक करावं तसा, आणि घसरायचा. पहिला बोल्ट कसाबसा सुटला आणि बोटांतून पडला. दुसरा पडला. तिसरा खालच्या पत्र्यात कुठेतरी गडप झाला. हे दहा मिनिटं टॉर्च घेऊन उताणे पडून शोधत होते. सापडला, उचलला, आणि परत पडला.

मी तिथेच स्टुलावर बसले होते. ह्यांनी पाना चादरीवर टाकला. फेकला नाही, पण ठेवलाही नाही. "बारक्याला फोन कर," ते म्हणाले. "आत्ताच ये म्हण. बेल्टही त्यालाच टाकू दे, पेटीही घेऊन जा म्हणावं. चला, विषय संपला."

मला रडू यायला हवं होतं, पण माझा स्वभाव उलटा आहे. मला राग आला. "कसला विषय संपला? अर्धी गाडी सोडून ठेवलीय माझ्या चादरीवर. मला सांगा काय करायचं ते. मी करते."

"तू?"

"का? ह्या हातांनी मी तीस वर्षं सुईत दोरा ओवतेय. तुमच्या बोल्टला निदान भोक शोधावं लागत नाही."

"अगं, हे शिवणकाम आहे का?"

"नाहीच. शिवणकाम अवघड असतं."

ह्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग स्वतःच उठून स्टूल माझ्याकडून काढून घेतलं, त्यावर बसले आणि म्हणाले, "दहाचा पाना घे. तो नाही. शेजारचा. बांगड्या आणि अंगठी काढून ठेव."

आणि मग, काय सांगू, नवऱ्याने तीस वर्षांच्या संसारात माझी घेतली नसेल इतकी हजेरी त्या दोन तासांत घेतली. "उलटा फिरवतेयस." "बोट आत घालू नकोस." "हळू. हळू म्हणजे हळू." पण ओरडण्यात खेकसणं नव्हतं. मी दुसरा बोल्ट काढला तेव्हा, "हं," म्हणाले. चौथा काढला तेव्हा काहीच बोलले नाहीत, आणि मला कळलं की ते बरोबर झालं.

जुना बेल्ट निघाला. काठाला बारीक भेगा पडलेल्या. ह्यांनी त्या मला दाखवल्या आणि दोघांच्याही मनात लेक आली. ताण देणारी पुली बदलली. मग नवीन बेल्ट. तो डब्यातून काढला तसा मी सवयीने सरळ केला आणि चौपदरी घडी घालायला घेतला.

"अगं! घडी नको!" हे स्टुलावरून उठलेच. "आतले दोरे मोडतात! घडी पडलेला बेल्ट कचऱ्यात टाकावा लागतो!"

"मग आधी सांगायचं ना. ह्या घरात मला घडी न घालता ठेवलेली एक वस्तू दाखवा."

सुदैवाने घडी पडली नव्हती, नुसती वळली होती. ह्यांनी बेल्ट उजेडात धरून इंच-इंच तपासला आणि परत दिला. खालच्या चाकावरून सुरुवात करायची, एक बाजू ताठ ओढत वरच्या चाकावर न्यायची, आणि शेवटी ताणाच्या पुलीवर. खडूच्या रेघा हलू द्यायच्या नाहीत. हे मला छान जमलं, खोटं कशाला बोलू. बाही बसवताना कापड खांद्याशी धरून ठेवावं लागतं, तसंच.

मग ताण. पुलीला दोन भोकं असतात, त्यात आकडीचा पाना घालून फिरवायचं, बेल्ट ताणला जातो, आणि तसाच धरून मधला बोल्ट आवळायचा. "मधोमध चिमटीत धरून पीळ दे," हे म्हणाले. "कष्टाने काटकोनात वळला तर बरोबर. सहज वळला तर सैल."

मी ताणला. पीळ दिला. कष्टाने वळला. बरोबर होता. आणि मग, बोल्ट आवळायच्या आधी, माझ्या हाताने पुली जराशी मागे सोडली.

हे का केलं ते सांगायचं तर माझा सगळा धंदा सांगावा लागेल. मी आयुष्यात एकही कपडा मापाला शिवलेला नाही. माप घेते ते काटेकोर, पण कापताना बोटभर सैल ठेवते. गिऱ्हाईक उभं राहून माप देतं, कपडा घालून बसायचं असतं, जेवायचं असतं. माझ्याकडचा कपडा कधी काचत नाही, असं लोक म्हणतात, आणि त्याचं कारण ते बोटभर सैल. ते मी कोणाला सांगत नाही. हातच सोडतो. बेल्ट इतका ताठ बसलेला बघून माझ्या हाताला वाटलं, ह्याला श्वास घ्यायला जागा हवी.

"ताण बरोबर?" ह्यांनी विचारलं.

"बरोबर," मी म्हटलं आणि बोल्ट आवळला.

"आता बाजूला हो. दोन फेरे हाताने फिरवून बघायचं. पण आवळणाऱ्याने फिरवायचं नाही. वर्कशॉपचा नियम आहे. आपण आवळलेलं आपल्याला नेहमी बरोबरच वाटतं."

ते खाली बसले, मोठा पाना खालच्या चाकाच्या बोल्टवर चढवला आणि मुठीत धरला. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. मुठीत भार आला आणि थरथर थांबली. नुसती कमी नाही, थांबली. हळू, एका लयीत पाना खाली आला. पुन्हा बसवला, पुन्हा खाली. डोळे मिटलेले. पहिला फेरा पूर्ण झाला. दुसरा अर्धा झाला आणि ते थबकले.

"घसरला."

"काय घसरलं? मला काही ऐकू आलं नाही."

"ऐकू येत नाही ते. हाताला लागतं. एक दात." त्यांनी तसाच फेरा पुरा केला आणि मला वर बघायला सांगितलं. खालची खडूची रेघ ठशावर बरोबर होती. वरची रेघ ठशाच्या एक दात मागे उभी होती.

उद्या सकाळी हीच गाडी घेऊन माझी मुलगी निघाली असती. खडूची रेघ एवढीशीच सरकलेली होती, आणि ती मी माझ्या बोटांनी सरकवली होती. मी तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं. बोटभर सैल, श्वासाला जागा, सगळं.

मला वाटलं आता चार शब्द ऐकावे लागणार. हे माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यांना धक्का बसल्यासारखं झालं आणि मला कळलं की ते हसतायत. दोन वर्षांत मी हा माणूस इतका हसलेला पाहिला नव्हता. डोळे पुसायला हात वर नेला तर गालाला ग्रीस लागलं.

"म्हणजे माझे सगळे शर्ट..."

"सगळे."

"मी समजत होतो माझं वजन कमी होतंय."

"आणि पोट सुटलं तेव्हा तेच शर्ट कामी आले ना? तेव्हा नाही कोणी तक्रार केली."

"बेल्टचं पोट सुटत नाही," हे म्हणाले. "त्याला काचूच दे. पुन्हा खुणा जुळव. पहिल्यापासून."

पुन्हा पहिल्यापासून केलं. ह्या वेळी मी ताणला, पीळ दिला, आणि हाताला बजावलं, खबरदार. बोल्ट आवळला. ह्यांनी दोन नाही, चार फेरे फिरवले, डोळे मिटून. शेवटी पाना काढला आणि मान हलवली. दोन्ही रेघा जागच्या जागी.

"आता ठिपका लाव," ते म्हणाले. वर्कशॉपमध्ये शेवटचा बोल्ट ज्याने आवळला त्याने त्यावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा असतो. पुढे काही बिघडलं तर कोणाला विचारायचं ते कळतं. प्रत्येकाचा रंग वेगळा. मी आत गेले, लेकीने मागे ठेवलेली लाल नेलपॉलिशची बाटली शोधून आणली आणि ताणाच्या पुलीच्या बोल्टवर टपोरा ठिपका दिला. फार देखणा दिसत होता.

"आणि तुमचा?"

"मी कुठे आवळलाय? मी नुसता फिरवला."

कव्हर बसवलं, वरचं दोन क्लिपांवर टेकवलं, चाक चढवलं, बॅटरी जोडली. किल्ली मला दिली. मी श्वास रोखून ती फिरवली, आणि गाडी सुरू झाली. मला वाटलं होतं आधी खोकेल, अडखळेल. छे. ती सुरू झाली ती माझ्या मशीनसारखी, एकसारखी, गुणगुणत. मी गाडीत बसून टाळ्या वाजवल्या. आता काय वाट्टेल ते म्हणा, साठीला आलेल्या बाईने टाळ्या वाजवू नयेत असा काही कायदा नाही.

बाहेर येऊन बघते तर हे एकेक पाना फडक्याने पुसून पेटीत ठेवत होते. मापाने, लहान ते मोठा. मग पेटी बंद केली आणि ओढत घराच्या पुढच्या दाराशी नेऊन ठेवली. तिथून बारक्याला उचलायला सोपी.

"हे काय? गाडी सुरू झाली ना? नीट जमलं तर पेटी राहील म्हणाला होतात."

"नीट जमलं. तुला जमलं." आवाजात राग नव्हता, दुःखही फारसं नव्हतं, आणि त्यानेच मी जास्त घाबरले. "माझ्याच्याने कव्हरचा बोल्ट निघाला नाही. जे आहे ते आहे. बारक्याकडे ती वापरात राहील."

मी नाही नाही ते बोलले. हट्टी म्हटलं, आडमुठे म्हटलं. ते हात धुवायला निघून गेले. मी दाराशी पेटीवर बसून राहिले. कोणी उचलायला आलं तर आधी मला उचलावं लागेल, असा माझा विचार होता.

बारक्या पाचला पाच मिनिटं कमी असताना आला. आधी पोट, मग तो. "वहिनी, पेटीवर का बसलात? खुर्च्या विकल्या की काय?" त्याने ह्यांना वाकून नमस्कार केल्यासारखं केलं आणि लगेच विचारलं, "बेल्ट झाला? बघू."

चहा ठेवते म्हटलं तर थांबला नाही. हे दोघं शेडकडे गेले, मी मागून. बारक्याने बॉनेट उघडलं आणि सवयीने वरच्या कव्हरच्या दोन क्लिपा काढून आत मोबाइलचा उजेड टाकला. बराच वेळ बघितलं.

"हा लाल कोणाचा?"

"हिचा," हे म्हणाले. "सगळं काम हिने केलं."

"वा वहिनी! उद्यापासून या कामावर." परत आत बघितलं. उजेड इकडून तिकडे फिरवला. मग सरळ उभा राहिला आणि त्याचा चेहरा बदलला होता. "पांढरा कुठाय?"

हे शेडबाहेर बघायला लागले.

"पांढरा कसला?" मी विचारलं.

बारक्या माझ्याकडे वळला. "तुम्हाला माहीत नाही? वहिनी, आवळणाऱ्याचा रंग ज्याचा त्याचा. माझा निळा होता. पण शेजारी पांढरा लागल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर सोडायची नाही. पांढरा तपासणाऱ्याचा. फोरमनचा."

"म्हणजे ह्यांचा?"

"मग कोणाचा? सतरा वर्षं मी आवळत होतो. फोरमननी एकदाही माझा पाना हातात घेतला नाही. यायचे, डोळे मिटून फिरवायचे, आणि एक तर पांढरा ठिपका द्यायचे, नाहीतर माझ्या डोक्यात टपली. टपल्याच जास्त."

मी नवऱ्याकडे बघितलं. इतकी वर्षं मी समजत होते की हा माणूस दिवसभर स्क्रू पिळून दमून घरी येतो. त्याचं काम हे होतं ते मला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि आज तेच काम माझ्या डोळ्यांदेखत करून, नुसता फिरवला म्हणून मोकळा झाला.

"तो नोकरीतला ठिपका होता," हे म्हणाले. "आता मी तिथे नाही."

"पण आज एक दात घसरला होता!" मी म्हटलं. माझी चूक मी चारचौघांत सांगेन असं सकाळी कोणी म्हटलं असतं तर मी हसले असते. "मी ताण सैल ठेवला. मला काही कळलं नाही, आवाजसुद्धा आला नाही. ह्यांनी पकडला. हाताने."

"ह्या हाताने?" बारक्याने विचारलं.

हे आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. तो बाजूला लटकला होता आणि अंगठा तर्जनीवर घासत होता.

बारक्याने कपाळावरून हात फिरवला. "फोरमन, खरं सांगू? मला तो दात अजून हाताला लागत नाही. मी तीन-तीन वेळा फिरवतो, पांढरा देतो, आणि घरी गेल्यावर मला झोप लागत नाही. पाने माझ्याकडे भिंतभर आहेत. ही पेटी नेऊन मी काय करू?" त्याने शर्टाच्या खिशातून पांढरं मार्कर पेन काढलं, टोपण काढलं आणि ह्यांच्यापुढे धरलं. "पांढरा द्या. नाहीतर ही गाडी उद्या फाटकाबाहेर जाणार नाही. मी आडवा पडेन. मला ओलांडून जाणं सोपं नाही, बघताय ना."

ह्यांनी पेन घेतलं. वाकले, हात कव्हरच्या आत घातला. पेनाला भार नसतो, त्यामुळे हात थरथरायला लागला. मी आपोआप पुढे झाले, धरायला. बारक्याने माझ्यापुढे हात आडवा धरला आणि मान हलवली. मी थांबले. पेनाचं टोक धातूवर टिकटिकत होतं. खूप वेळ गेला, निदान मला तसं वाटलं.

हात बाहेर आला तेव्हा आम्ही तिघांनी मोबाइलच्या उजेडात बघितलं. माझ्या लाल ठिपक्याशेजारी एक पांढरी रेघ होती, वाकडी, शेपूट असलेली. ठिपका म्हणायची सोय नव्हती.

"गोल नाही आला," हे म्हणाले.

"गोल कोणी मागितलाय?" बारक्याने कव्हर बसवून क्लिपा दाबल्या. "बुधवारी माझ्याकडे दोन गाड्यांचे बेल्ट आहेत. दुपारी येऊन फिरवून द्याल? मला जरा झोप लागेल."

हे पेनाचं टोपण लावत होते. ते तिसऱ्या प्रयत्नात लागलं. "बुधवारी," ते म्हणाले, "किती वाजता?"

मी चहा ठेवायला आत पळाले, कारण आता मला खरोखरच रडू येत होतं आणि ते दोघांनी बघायची काही गरज नव्हती.

चहा पिऊन झाल्यावर बारक्याने पेटी उचलून परत माझ्या खोलीत नेली. मी कुठे ठेव ते सांगायच्या आत त्याने ती टेबलाखाली ढकलली, आणि पोटामुळे त्याला नीट वाकता येत नसल्याने ती पूर्वीपेक्षा वीतभर बाहेरच राहिली. जाताना ह्यांनी त्याला पेन परत द्यायला काढलं. बारक्याने घेतलं नाही.

सोमवारी सकाळी लेक आली आणि गाडी घेऊन गेली. ह्यांनी तिला वही दिली आणि कितीतरी सूचना दिल्या, तिने सगळ्यांना हो म्हटलं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी हे फाटकाशी उभे राहून आवाज ऐकत होते.

मी खोलीत येऊन गिऱ्हाइकाचं कापड काढलं. टेबलावर पसरायला पाऊल पुढे टाकलं आणि करंगळी पेटीवर अशी आपटली की डोळ्यांपुढे तारे चमकले. मी एका पायावर उभं राहून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, अगदी मोठ्याने, अगदी मनापासून. मग कापड पसरलं, खडू घेतला आणि बोटभर सैल सोडून पहिली रेघ ओढली.